शितावरून भाताची परीक्षा : गेमचा डेमो, अर्ली अ‍ॅक्सेस आणि जाहिरातीची युक्ती

इयत्ता : 6 वी ते 8 वी
विषय : मराठी, पूरक वाचन (घटक : जाहिरात समजून घेऊया)



मराठीच्या तासाला आपण जाहिरात लेखन शिकतो. चौकट आखायची, वर ठळक नाव, खाली एक आकर्षक ओळ, मग सवलत आणि शेवटी पत्ता. "त्वरा करा", "मर्यादित साठा", "आजच भेट द्या" हे शब्द आता तुम्हाला पाठच झाले आहेत. पण हल्ली तुमच्या घरच्या मोबाइलवर जी सगळ्यात जोरदार जाहिरात येते, ती जाहिरातीसारखी दिसतच नाही. तिला चौकट नसते. ती फक्त एवढंच म्हणते, "नवीन गेम अजून सगळ्यांसाठी आलेला नाही. पण तुम्हाला आम्ही आधी खेळायला देतो."

हे ऐकून आपल्याला काय वाटतं? आपल्याला काहीतरी विकलं जातंय असं वाटत नाही. आपला मान राखला असं वाटतं. म्हणूनच ही जाहिरात समजून घेणं जरा अवघड आहे आणि जास्त गरजेचं आहे. आजच्या पाठात आपण हीच युक्ती उलगडून बघूया.

1. आधी शब्द समजून घेऊ

डेमो : गेमचा छोटासा तुकडा. एखादा टप्पा, दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. तो खेळून बघायचा आणि आवडला तर पूर्ण गेम घ्यायचा. आपल्या भाषेत याला वानगी म्हणतात. "वानगीदाखल" हा शब्द आपण निबंधात वापरतो, तो यातूनच आला.

बीटा चाचणी : गेम जवळजवळ तयार झाला आहे, पण चुका राहिल्या असतील. त्या शोधण्यासाठी बाहेरच्या लोकांना खेळायला देणं म्हणजे बीटा चाचणी. निवडक लोकांनाच दिली तर ती बंद बीटा, सगळ्यांना दिली तर खुली बीटा.

अर्ली अ‍ॅक्सेस : गेम अधिकृतपणे येण्याआधीच खेळायला मिळणं. कधी फुकट, कधी पैसे भरून.

पूर्वनोंदणी : गेम येण्याआधीच "मला हवा आहे" असं बटण दाबून नाव नोंदवणं. गेम आला की मोबाइलवर सूचना येते.

यातले पहिले तीन शब्द चाचणीचे आहेत, म्हणजे वस्तू तपासून बघण्याचे. पण कंपन्या ते जाहिरातीसाठीही वापरतात. चाचणी कुठे संपते आणि जाहिरात कुठे सुरू होते, हाच आपला आजचा प्रश्न.

2. आपल्या कर्जत-खालापुरातली दोन उदाहरणं

मोबाइलकडे जाण्याआधी आपल्या परिसरात डोकावूया.

पहिलं उदाहरण भाताचं. कर्जतला भाताचं संशोधन करणारं प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे. ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं आहे. कर्जत-3, कर्जत-7, कर्जत-184 ही नावं तुमच्या आजोबांनी, काकांनी नक्की ऐकली असतील. ती इथल्याच भाताच्या वाणांची नावं आहेत. नवीन वाण तयार झालं की ते लगेच सगळ्यांच्या शेतात जात नाही. आधी केंद्राच्या शेतात चाचणी होते, मग शेतकऱ्यांच्या शेतावर प्रात्यक्षिक घेतलं जातं. बियाण्याची छोटी पिशवी, म्हणजे मिनिकिट, देण्याची पद्धतही आहे. शेतकरी ते थोड्या जागेत लावतो. लोंबी किती भरली, भात लोळला का, रोग पडला का, किती दिवसांत तयार झाला, शिजवल्यावर कसा लागतो, हे सगळं तो स्वतः बघतो. चांगलं वाटलं तर पुढच्या वर्षी जास्त लावतो, नाही तर सोडून देतो.

हा सुद्धा डेमोच आहे! इंग्रजीतल्या "डेमॉन्स्ट्रेशन" या शब्दाचं डेमो हे छोटं रूप, आणि कृषी खातं त्यालाच प्रात्यक्षिक म्हणतं.

दुसरं उदाहरण खालापूर तालुक्यातलं. खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला इमॅजिका हे मोठं मनोरंजन उद्यान आहे. ते एप्रिल 2013 मध्ये लोकांसाठी सुरू झालं, तेव्हा आतली सगळी कामं झालेली नव्हती. काही भाग सुरू, काही भाग बंद, असं चालू होतं. उद्यान पूर्णपणे सुरू झालं नोव्हेंबर 2013 मध्ये. मधल्या काळात लोक जाऊन आले आणि त्यांनी घरी, ऑफिसात, नातेवाइकांत त्याची चर्चा केली. व्यवस्थापनालाही गर्दी कशी सांभाळायची याचा सराव मिळाला. व्यापाराच्या भाषेत याला "सॉफ्ट लाँच" म्हणतात. मोठ्या समारंभाआधी दार थोडंसं उघडायचं. गेममधला अर्ली अ‍ॅक्सेस हा याचाच भाऊ.

या दोन्हींत फरक काय? भाताच्या प्रात्यक्षिकात शेतकरी वस्तूबद्दल शिकतो. दार थोडं उघडण्याच्या युक्तीत विकणाराही शिकतो आणि त्याची चर्चाही होते. दोन्ही गोष्टी वाईट नाहीत. पण दोन्ही एकच नाहीत, हे लक्षात ठेवायचं.

3. आणि आता आपली म्हण

"शितावरून भाताची परीक्षा." पातेल्यातलं एक शीत दाबून बघितलं की सगळा भात शिजलाय का ते कळतं. आई रोज हेच करते. डेमोमागचा विचारही हाच, की थोडं खेळून बघा आणि सगळ्याची कल्पना करा.

पण जरा थांबा. आई शीत कुठून उचलते? तिला पाहिजे तिथून. कधी वरून, कधी तळातून. गेमच्या डेमोत मात्र शीत आपण उचलत नाही, ते विकणारा निवडून आपल्या हातावर ठेवतो. तो सगळ्यात छान शिजलेलं शीतच देणार. गेमचा सगळ्यात रंगीत टप्पा, सगळ्यात सोपा टप्पा, जिथे आपण पटकन जिंकतो तो टप्पा. म्हणून डेमो खेळल्यावर पहिला प्रश्न असा विचारायचा : हे शीत मी उचललं, की मला निवडून दिलं?

4. थोडा इतिहास

ही युक्ती नवीन नाही. 10 डिसेंबर 1993 ला अमेरिकेतल्या आयडी सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने "डूम" नावाचा संगणक गेम आणला. तो हाणामारीचा, मोठ्यांसाठीचा गेम होता. आपल्याला त्याची विक्रीची पद्धत बघायची आहे. गेमचे तीन भाग होते. पहिला भाग, म्हणजे 9 टप्पे, कंपनीने फुकट देऊन टाकला आणि वर सांगितलं की कॉपी करा, मित्रांना द्या. उरलेले दोन भाग हवे असतील तर पैसे भरून मागवा. या पद्धतीला शेअरवेअर म्हणायचे. जाहिरातीवर फार पैसा खर्च न करता गेम जगभर पोचला, कारण खेळणारेच तो वाटत होते.

पुढे कंपन्यांना एक वेगळीच गोष्ट सुचली. एका गेमचा डेमो दुसऱ्या गेमच्या विक्रीसाठी वापरायचा! 2001 मध्ये "झोन ऑफ द एंडर्स" या गेमच्या डब्यात "मेटल गिअर सॉलिड 2" या बहुप्रतीक्षित गेमचा डेमो ठेवला होता. 2007 मध्ये "क्रॅकडाउन" या गेमसोबत "हेलो 3" च्या बीटा चाचणीत प्रवेश दिला गेला. अनेकांनी आधीचा गेम विकत घेतला तो पुढचा गेम आधी खेळायला मिळावा म्हणून. म्हणजे बघा, "आधी खेळायला मिळणं" हीच विकायची वस्तू झाली.

"माइनक्राफ्ट" तुम्हाला माहीतच आहे. 2009 मध्ये तो अर्धवट असतानाच कमी किमतीत विकायला सुरुवात झाली. लोक खेळत गेले, सूचना करत गेले, गेम सुधारत गेला, आणि नोव्हेंबर 2011 मध्ये तो पूर्ण म्हणून जाहीर झाला. हे चांगलं उदाहरण. मार्च 2013 मध्ये स्टीम या संगणक गेमच्या ऑनलाइन दुकानाने "अर्ली अ‍ॅक्सेस" नावाचा वेगळा विभागच सुरू केला. तिथे अपुरे गेम उघडपणे "अपुरे" म्हणून विकले जातात. पण सगळेच गेम लवकर पूर्ण होतात असं नाही. "डे झी" नावाचा गेम डिसेंबर 2013 मध्ये तिथे आला आणि पूर्ण झाला डिसेंबर 2018 मध्ये. पाच वर्षं! पहिल्या दिवशी पैसे भरणारा आठवीतला मुलगा तोपर्यंत कॉलेजात गेला असेल.

आणि एक उदाहरण तर चटका लावणारं आहे. ऑगस्ट 2014 मध्ये प्लेस्टेशनवर "पी. टी." नावाचा एक फुकट भीतिदायक डेमो आला. तो कोणत्या गेमचा आहे हेही आधी सांगितलं नव्हतं. शेवटपर्यंत पोचलेल्यांना कळलं की हा "सायलेंट हिल्स" या मोठ्या गेमचा नमुना आहे. जगभर चर्चा झाली. पण एप्रिल 2015 मध्ये तो मोठा गेमच रद्द झाला आणि डेमोही दुकानातून काढून टाकला. शीत अप्रतिम होतं, पण भात कधी शिजलाच नाही.

5. 2021 चा उन्हाळा आणि पावसाळा : आपल्याकडचं उदाहरण

आता आपल्या देशात येऊ. 2 सप्टेंबर 2020 रोजी भारत सरकारने पबजी मोबाइलसह अनेक अ‍ॅपवर बंदी घातली. कोरोनामुळे शाळा बंद होत्या, अभ्यासासाठी मोबाइल मुलांच्या हातात आला होता. गेम बंद झाल्यावर खूप मुलं त्याची वाट बघत होती.

पुढच्या वर्षी दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने त्याच धर्तीचा "बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया", म्हणजे बीजीएमआय, आणायचं ठरवलं. तारखा नीट बघा :

18 मे 2021 : पूर्वनोंदणी सुरू. नोंदणी करणाऱ्यांना बक्षीस म्हणून गेममधला मुखवटा, पोशाख, एक किताब आणि 300 एजी (गेममधलं चलन).
17 जून 2021 : अर्ली अ‍ॅक्सेस सुरू. पण जागा मर्यादित. "जागा भरल्या, नंतर प्रयत्न करा" असा संदेश अनेकांना आला.
2 जुलै 2021 : अधिकृत प्रकाशन.

पहिल्या दोन आठवड्यांतच पूर्वनोंदणीचा आकडा 2 कोटींवर गेला. लक्षात घ्या, त्या वेळी एकानेही गेम उघडून बघितला नव्हता. त्याचा आकडाच बातमी झाला आणि त्या बातमीने आणखी नोंदणी झाली.

17 जूनला ज्यांना जागा मिळाली त्यांना प्ले स्टोअरवर "परीक्षक" म्हणून नाव नोंदवावं लागलं. मित्रांनो, शाळेत परीक्षक कोण असतो? जो पेपर तपासतो, गुण देतो, गरज पडल्यास नापासही करतो. इथे मात्र बहुतेक परीक्षकांनी काय तपासलं? त्यांनी स्क्रीनशॉट काढला आणि स्टेटसला ठेवला, "मला मिळाला!" ज्यांना नाही मिळाला ते दिवसभर बटण दाबत बसले. म्हणजे ज्याला मिळाला तोही जाहिरात करत होता आणि ज्याला मिळाला नाही तोही.

आणखी एक गोष्ट. अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये जे कमावलं, जे विकत घेतलं, ते पूर्ण गेममध्ये तसंच राहील असं कंपनीने सांगितलं होतं. हे सोयीचं आहे, खरं. पण त्यामुळेच पंधरा दिवस खेळलेला मुलगा 2 जुलैला "आता नको" म्हणणं कठीण. त्याचा तिथे गल्ला साठला आहे ना!

याच गेमच्या नियमांत 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांची परवानगी, दिवसाला 3 तासांची मर्यादा आणि खर्चाला दिवसाला 7000 रुपयांची मर्यादा सांगितली होती. पालकांनी हा शेवटचा आकडा परत एकदा वाचावा. मर्यादा आहे ही चांगली गोष्ट, पण ती किती वर ठेवली आहे तेही बघावं. आपल्याकडे कितीतरी घरांत महिन्याचा किराणा त्यात येतो.

6. पुण्याची दोन उदाहरणं

कर्जतहून घाट चढून गेलं की पुणं. तिथे व्हिडिओ गेम बनवणाऱ्या मराठी मातीतल्या कंपन्या आहेत, हे आपल्या मुलांना माहीत नसतं. त्यातल्या दोन बघू.

पहिली नॉडिंग हेड्स गेम्स. छोटी टीम. त्यांनी "राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक" नावाचा गेम बनवला. राजी नावाची मुलगी हरवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते, अशी गोष्ट. चित्रं आणि इमारती आपल्या भारतीय शैलीतल्या. मोठ्या जाहिरातीला पैसा नव्हता. म्हणून 2017 मध्ये त्यांनी किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकवर्गणीचं आवाहन केलं आणि सोबत खेळून बघता येईल असा डेमो दिला. वर्गणीचं लक्ष्य काही पूर्ण झालं नाही. पण टीमने काम सोडलं नाही. ऑगस्ट 2020 मध्ये गेम निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आला, आणि त्याच वर्षी "द गेम अवॉर्ड्स" या जागतिक पुरस्कारांत पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. नाव नसलेल्या कारागिराला डेमो म्हणजे रस्त्यावर मांडलेलं त्याचं काम. "माझ्यावर विश्वास ठेवू नका, हातात घेऊन बघा," असं तो म्हणतो. अशा डेमोचा आपण आदरच केला पाहिजे.

दुसरी सुपरगेमिंग. यांचा "इंडस बॅटल रॉयल" हा गेम 2022 च्या सुरुवातीला जाहीर झाला, 2023 मध्ये पूर्वनोंदणी सुरू झाली आणि गेम आला 16 ऑक्टोबर 2024 ला. मधल्या काळात कंपनीने खेळाडूंना प्रत्यक्ष बोलावून खेळायला दिलं, निवडक लोकांसाठी बंद बीटा ठेवली, आणि पूर्वनोंदणीचा आकडा एक कोटीच्या पुढे गेला. इथे एकाच कामात दोन कामं होती. खेळाडूंच्या तक्रारी ऐकून गेम सुधारणं ही खरी चाचणी, आणि अडीच वर्षांपेक्षा जास्त काळ लोकांच्या तोंडी नाव टिकवणं ही जाहिरात.

म्हणजे डेमो चांगला की वाईट, असा प्रश्नच चुकीचा आहे. कोण कोणाला काय दाखवतंय आणि बदल्यात काय घेतंय, हे बघायचं.

7. युक्ती कशी चालते? पाच मुद्दे

1) कमतरता दाखवणं. "फक्त थोड्या जागा." जे कमी असतं ते आपल्याला भारी वाटतं. पण मित्रांनो, आंबे संपतात, कर्जत स्टेशनवरचे गरम वडे संपतात, हे खरं. गेमची कॉपी संपते का? सर्व्हरवर ताण येऊ नये म्हणून जागा कमी ठेवणं समजू शकतं. पण पुष्कळदा ती कमतरता ठरवून ठेवलेली असते.

2) मान देणं. "तुम्ही निवडक आहात." निवड कशावरून झाली? बटण आधी दाबलं यावरून!

3) मित्रांकडून बोलवून घेणं. "मित्राला आमंत्रण द्या, बक्षीस मिळवा." कंपनीच्या जाहिरातीवर आपण शंका घेतो, मित्राच्या बोलण्यावर घेत नाही. प्रसिद्ध यूट्यूबरना गेम आधी देतात तोही याचसाठी.

4) मेहनत अडकवणं. डेमोत मिळवलेले गुण, पोशाख पुढे चालू राहतात. सोडलं तर ते वाया जातील असं वाटतं.

5) यादी तयार करणं. पूर्वनोंदणी केली की कंपनीला कळतं, कोणाला हवाय, कुठून हवाय. गेम आल्यावर सूचना थेट तुमच्या मोबाइलवर. स्टीमवर "नेक्स्ट फेस्ट" नावाचा डेमोंचा उत्सव वर्षातून काही वेळा भरतो. तिथेही बनवणाऱ्यांचा मोठा उद्देश हाच असतो की खेळणाऱ्याने गेम आपल्या इच्छायादीत टाकावा.

इथे एक गंमत सांगतो. जेसी शेल हे अमेरिकेतले गेम रचनाकार आणि प्राध्यापक. 2013 मध्ये एका परिषदेत त्यांनी विक्रीचे आकडे दाखवून सांगितलं, की ज्या गेमची फक्त झलक दाखवली ते गेम, झलक आणि डेमो दोन्ही दिलेल्या गेमपेक्षा जास्त विकले गेले होते. कारण उघड आहे. खेळून बघितलं की उत्सुकता भागते, कधी दोषही दिसतात. म्हणजे मोकळेपणाने दिलेला डेमो ग्राहकाच्या फायद्याचा, तर मोजूनमापून दिलेला डेमो विकणाऱ्याच्या फायद्याचा.

8. फुकट म्हणजे काय?

"सर, फुकट तर आहे, मग काय झालं?" हा प्रश्न वर्गात हमखास येतो. चला, हिशोब करू.

डाटा : मोठे गेम एक-दोन जीबीच्या पुढे जातात. आपल्या वाड्या-पाड्यांवर रेंज मुश्किलीने मिळते आणि घरात रोजचा एकच डाटा पॅक असतो. तो दुपारी संपला की संध्याकाळी ताईच्या अभ्यासाला काय उरलं?

वेळ : वेळेचा रिचार्ज मारता येत नाही.

माहिती : मोबाइल नंबर, ईमेल, वय. पुष्कळ मुलं वय खोटं भरतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात असं म्हटलं आहे की 18 वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येण्यासारखी संमती घ्यावी. पण आपणच वय 21 लिहिलं, तर आपल्यासाठी केलेलं ते कुंपण आपल्याच हाताने काढून टाकलं.

मेहनत : चुका शोधून कळवणं हे काम आहे. कंपन्यांत त्यासाठी पगारी माणसं असतात. आपण ते आनंदाने करू शकतो, पण ते काम आहे हे माहीत असावं.

म्हणजे पैसे दिले नाहीत, पण किंमत दिली.

9. मग आपण काय करायचं? चार प्रश्न

गेम खेळूच नका, असं मी सांगणार नाही. तुम्ही ऐकणारही नाही! पण "आधी खेळा" असं निमंत्रण आलं की पुढचे चार प्रश्न विचारा. हे प्रश्न नवीन क्लास, नवीन अ‍ॅप, नवीन कोर्स यांच्या "पहिला आठवडा मोफत" ला सुद्धा लागू पडतात.

एक : शीत मी उचललं की निवडून दिलं?
दोन : इथे कोण शिकतंय? मी वस्तूबद्दल, की कंपनी माझ्याबद्दल?
तीन : मला "नको" म्हणता येतंय का? डेमो संपल्यावर सहज सोडता येतो, की काहीतरी अडकून राहतं?
चार : हे मी घरच्यांसमोर उघडपणे करू शकतो का? वय खरं लिहिलं आहे का?

शेतकरी दादाचा विचार करा. मिनिकिटचं वाण नाही आवडलं तर तो पुढच्या वर्षी सरळ जुनं बियाणं लावतो. त्याला कोणी "तुमचा पोशाख वाया जाईल" म्हणत नाही. तो खरा परीक्षक आहे, कारण त्याला नापास करायचा अधिकार आहे आणि तो वापरतो.

पालकांसाठी दोन शब्द : मोबाइल हिसकावून घेतला की मूल दुसऱ्याच्या घरी जाऊन खेळतं. त्यापेक्षा एकदा शेजारी बसून त्याच्यासोबत डेमो बघा. वरचे चार प्रश्न त्यालाच विचारू द्या. प्ले स्टोअरवर खरेदीला पासवर्ड लावा. आणि गेमच्या माहितीत वयोगट दिलेला असतो, तो नक्की वाचा.

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
अ) डेमो या शब्दाला कृषी खात्यात कोणता शब्द वापरतात?
आ) राजी या गेममधली मुलगी कोणाला शोधते?
इ) शेअरवेअर म्हणजे काय?

प्र. 2. दिवस मोजा. बीजीएमआयची पूर्वनोंदणी 18 मे 2021 ला सुरू झाली आणि गेम 2 जुलै 2021 ला आला. मध्ये किती दिवस गेले? अर्ली अ‍ॅक्सेस ते प्रकाशन किती दिवस?

प्र. 3. फरक सांगा : भाताच्या वाणाचं प्रात्यक्षिक आणि गेमचा अर्ली अ‍ॅक्सेस. (किमान तीन मुद्दे)

प्र. 4. "शितावरून भाताची परीक्षा" ही म्हण कोणत्या वेळी खरी ठरते आणि कोणत्या वेळी फसवी ठरते? आठ-दहा ओळी लिहा.

प्र. 5. कल्पना करा, तुम्ही गावात नवीन खाऊचं दुकान काढलं आहे. गिऱ्हाइकाला न फसवता वानगी कशी द्याल? त्यासाठी प्रामाणिक जाहिरात तयार करा.

उपक्रम : आठवडाभर घरच्या मोबाइलवर, टीव्हीवर, बाजारात दिसलेल्या "मोफत", "आधी वापरून बघा", "फक्त निवडक लोकांसाठी" अशा पाच जाहिरातींची नोंद वहीत करा. प्रत्येकीसमोर चार प्रश्नांची उत्तरं लिहा. शनिवारी गटात वाचून दाखवा. ज्या जाहिरातीला चारही प्रश्नांत चांगले गुण मिळतील, तिला वर्गाने "प्रामाणिक वानगी" असा शेरा द्यावा. इथे परीक्षक तुम्हीच आहात, आणि नापास करायलाही घाबरू नका.